घरापुरता कर्नल

श्यामसुंदर आगाशे यांच्या जुडग्यात तीनच किल्ल्या होत्या आणि तिन्ही रोज लागणाऱ्या. न लागणारी किल्ली बाळगणं म्हणजे खिशाला विनाकारण भोक पाडणं, असं त्यांचं मत होतं. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत लोक गॅलरीत मोडके कूलर, गंजलेल्या सायकली आणि मुलांचे पांगुळगाडे जपून ठेवत. आगाशांच्या गॅलरीत दोन कुंड्या आणि एक केरसुणी. कारखान्यातल्या इन्स्ट्रुमेंट विभागात त्यांची सगळी नोकरी गेली. यंत्र पुन्हा जोडल्यावर टेबलावर एखादा वॉशर उरला तर काहीतरी चुकलं, हे तिथे ते शिकले आणि तो धडा घरी घेऊन आले.

शिस्त चांगलीच, पण ती कधीकधी माणसांच्या अंगावर यायची. एकुलती एक मुलगी तनया लग्न होऊन नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली, त्याच महिन्यात त्यांनी तिची कॉट वॉचमनला देऊन टाकली.

"अहो, ती येईल तेव्हा झोपेल कुठं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"येईल तेव्हा गादी घालू. रोज रिकामी कॉट बघत बसायची का?"

खरं कारण दुसऱ्या वाक्यात होतं. कौशल्याबाईंना ते कळलं. श्यामसुंदररावांना मात्र आपण घर आटोपशीर केलं, एवढंच वाटत राहिलं.

तनयानं मागे ठेवलेली एक वस्तू त्यांनी कुणाला दिली नाही. तिचा कॉम्प्युटर. इंजिनिअरिंगला असताना तिनं आणि बाबांनी मिळून तो सुट्या भागांतून जोडला होता. त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं तेही तिनंच. "बाबा, हे फुकट आहे आणि आतलं सगळं उघडून बघता येतं," असं ती म्हणाली आणि बाबा तिथेच अडकले. आतलं सगळं उघडून बघता येतं, हे वाक्य इन्स्ट्रुमेंट विभागातल्या माणसाला सांगायला नको होतं. पुढे मुलगी नोकरीत गुंतली, तिकडे ऑफिसच्या मशीनवर काय असेल ते वापरू लागली, आणि बाबा मात्र त्या रस्त्यानं एकटेच पुढे चालत राहिले. थेट कर्नलपर्यंत.

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा आतला कारभारी. कीबोर्ड कुठला, पडदा कुठला, आवाज कुठून येणार, कुठल्या खाचेत काय खोचलंय, हे सगळं त्यानं ओळखायचं आणि ज्याचं काम त्याला नेमून द्यायचं. लिनक्स तयार करून वाटणारी मंडळी त्याच्याबरोबर जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांची ओळख भरून पाठवतात. कुणाच्या घरी काय असेल सांगता येत नाही, म्हणून. श्यामसुंदररावांना नेमकं हेच खुपलं. आपल्या घरी एक प्रिंटर, एक कॅमेरा, जुन्या गोल पिनेचे स्पीकर आणि तसाच माइक. मग बाकीच्या हजारो यंत्रांची ओळख आपण का सांभाळायची?

आणि कर्नल स्वतः बांधता येतो, हे त्यांना कळलं. त्यात एक युक्ती असते. आज या घडीला मशीनला जे जोडलेलं आहे तेवढंच ठेव, बाकीचं गाळ, असं सांगता येतं. तनया गेली त्याच सुमाराला एका दुपारी त्यांनी हे पहिल्यांदा केलं. मशीन दोन तास घरघरत राहिलं आणि शेवटी त्यातून फक्त आगाशांच्या घरापुरता कर्नल तयार झाला. तो नीट चालला तेव्हा त्यांनी कौशल्याबाईंना स्वयंपाकघरातून हाक मारून आणलं.

"बघ. आपल्याला लागत नाही असं यात काही ठेवलं नाही."

"बरं झालं," कौशल्याबाई म्हणाल्या आणि भाजी लागेल म्हणून आत गेल्या.

त्यानंतर नवी आवृत्ती आली की श्यामसुंदरराव तिचा कर्नल बांधत. नवी आवृत्ती शेकडो प्रश्न विचारते, हे ठेवू का, ते ठेवू का. ते मागच्या वेळची उत्तरं जशीच्या तशी पुढे देत. घर तेच, माणसं दोन तीच, मग उत्तरं का बदलायची?

समोरच्या फ्लॅटमध्ये अभिनव राहायचा. मूळचा अमरावतीचा, हिंजवडीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणारा. या विषयावर बोलायला श्यामसुंदररावांना अख्ख्या सोसायटीत तो एकटाच मिळाला होता आणि तोही विरुद्ध पक्षाचा.

"काका, काहून एवढी मेहनत करता? आयता कर्नल मस्त चालते न. सुरू व्हायला पाच-सात सेकंद जास्त घेत असन, बस."

"ते पाच-सात सेकंद आपण कुठून भरून देणार आहात?"

"पण त्यासाठी दोन तास बांधत बसायचं? कोन करते असं?"

"ज्याच्याकडे दोन तास आहेत तो."

अभिनव हसायचा आणि नेटानं पुढे सांगायचा, की पूर्वी मशीनला मेमरी एवढीशी असायची तेव्हा ठीक होतं. आता जे लागत नाही ते डिस्कवर नुसतं पडून राहतं, बोलावल्याशिवाय उठत नाही, त्याचं ओझं होत नाही. यात तथ्य आहे हे श्यामसुंदररावांना ठाऊक होतं. त्यांनी स्वतः घड्याळ लावून पाहिलं होतं. फरक असा होता की तो त्यांनाच कळायचा, आणि तोही घड्याळ लावलं तर. पण हे अभिनवला सांगायची गरज नव्हती. शिवाय त्यांच्या बाजूनं एक साक्षीदार होता, आणि तोही घरचा.

तो साक्षीदार म्हणजे कौशल्याबाई. दर रविवारी दुपारी चहाच्या वेळेला तनयाचा व्हिडिओ कॉल यायचा. मोबाईलवर आला तर कौशल्याबाई तो कधीच घेत नसत. "तुमच्या कॉम्प्युटरवर लावा," म्हणायच्या. "तिथं छान वाटतं." श्यामसुंदरराव हे वाक्य अभिनवला दोनदा तरी ऐकवून आले होते. ज्या बाईला मिक्सरच्या बटणांचाही कंटाळा, तिला आपल्या कॉम्प्युटरवर छान वाटतं, याचा त्यांना मनापासून आनंद व्हायचा. ते पंधरा मिनिटं आधी मशीन सुरू करून ठेवत, पडदा पुसत, तिची खुर्ची पुढे ओढून देत. स्वतः मागे मोड्यावर चहा घेऊन बसत. मायलेकींच्या बोलण्यात पडायचं नाही, पण शब्दही सोडायचा नाही, अशी त्यांची रीत होती.

कौशल्याबाईंना ऐकू कमी येऊ लागलं त्याला बरेच दिवस झाले होते. गेल्या उन्हाळ्यात तपासणी होऊन दोन्ही कानांना यंत्रं बसली. घरात समोरासमोर बोलणं सुधारलं, कुकरच्या शिट्ट्या मोजता येऊ लागल्या आणि श्यामसुंदररावांनी तो विषय मनातून संपलेल्या कामांत टाकला.

ज्या रविवारची ही गोष्ट, त्या रविवारी कॉल नेहमीच्या वेळेला आला. पडद्यावर तनया एकटीच होती. एरवी जावई सौमित्र निदान हात हलवून जायचा, पण गेल्या काही रविवारी तोही दिसला नव्हता. हवापाण्याचं झालं, आईच्या गुडघ्याचं झालं. मग कोपर टेबलावर टेकून तनयानं मूठ ओठांवर धरली आणि तशीच, खाली बघत, बोलू लागली.

"आई, तुला सांगायचं होतं. सौमित्र आणि मी वेगळे राहतोय. महिना झाला. भांडण वगैरे नाही. पण मला एकटीला फार जड जातंय गं."

श्यामसुंदररावांचा कप तोंडापाशीच थांबला.

"छान, छान," कौशल्याबाई हसून म्हणाल्या. "मजेत राहा."

तनयानं मान वर करून आईकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं, असं श्यामसुंदररावांना वाटलं. मग ती म्हणाली, "हो आई. ठेवते आता, काम आहे," आणि पडदा रिकामा झाला.

श्यामसुंदररावांना आधी राग आला. आयुष्यात बायकोवर ते फारसे कधी चिडले नव्हते, पण आज त्यांच्या हातातला कप बशीवर आदळला.

"हे काय बोललीस तू?"

कौशल्याबाईंनी वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा स्वतःचा चेहरा उतरला.

"काय म्हणाली ती? हात तोंडावर होता तिचा. मला काही दिसलं नाही."

"दिसलं नाही?"

त्या चोरी पकडल्यासारख्या खाली बघून म्हणाल्या, "अहो, त्या स्पीकरमधून नुसता कालवा ऐकू येतो. शब्द लागत नाहीत. मोठ्या पडद्यावर ओठ बघून कळतं मला बरंचसं. मोबाईलवर तेवढं मोठं दिसत नाही."

तुमच्या कॉम्प्युटरवर लावा, तिथं छान वाटतं. श्यामसुंदररावांना ते वाक्य आता त्याच्या खऱ्या अर्थानं ऐकू आलं आणि ते मोड्यावर बसल्या जागी लहान झाले. कितीतरी रविवार ही बाई लेकीचा आवाज ऐकल्याशिवाय लेकीशी बोलत होती आणि आपण मागे बसून आपल्या कर्नलचं कौतुक समजत होतो.

"यंत्रं घेतली ना पण आपण? कानाची?"

"समोरचं ऐकू येतं त्यातनं. मशीनमधला आवाज वेगळा पडतो. त्यासाठी दवाखान्यातल्या मुलीनं ही दिली होती." त्या उठल्या, कपाटातल्या साड्यांच्या खालून एक खोकं काढलं आणि त्यातून अंगठ्याएवढी काळी डबी काढून त्यांच्या हातावर ठेवली. "कॉम्प्युटरला खोचायची. मग त्यातला आवाज थेट कानातल्या यंत्रात येतो म्हणाली."

"मग?"

"खोचून पाहिली होती मी, तुम्ही फिरायला गेलात तेव्हा. दोनदा. दिवा लागला नाही."

"अगं, मला का नाही सांगितलंस?"

कौशल्याबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्हीच म्हणता ना, आपल्याला लागत नाही ते सगळं यातनं काढून टाकलंय. मला वाटलं, हेही त्यात गेलं असेल. तुम्ही एवढे खपता त्याच्यावर. मी एक यायचं आणि म्हणायचं, यात माझं काही चालत नाही."

श्यामसुंदररावांना कुठे काही उघडून तपासायची गरज नव्हती. यूएसबीच्या खाचेतून जाणारा आवाज. पहिल्या दुपारीच गाळला होता त्यांनी, तनया गेल्याच्या महिन्यात, गोल पिनेचे स्पीकर आहेत तर हे कशाला म्हणून. त्या दुपारी मशीनला जे जोडलेलं होतं तेवढंच त्यांनी घर धरलं. त्यानंतर कौशल्येचे कान म्हातारे झाले, आणि त्यांची उत्तरं मात्र तीच राहिली.

"काय म्हणाली ती?" कौशल्याबाईंनी पुन्हा विचारलं. आता त्यांच्या आवाजात भीती होती. "अहो, मी काय बोलले तिला?"

सांगून टाकणं सोपं होतं. दोन वाक्यांचं काम. पण लेकीनं जे आईला सांगायला तोंड उघडलं होतं ते बापानं निरोपासारखं पोचवायचं, हे त्यांच्या मनाला पटेना.

"ती तुला सांगत होती, तर तुलाच सांगू दे," ते म्हणाले. "मला थोडा वेळ दे. इथंच बस."

त्यांनी मोबाईलवरून तनयाला फोन लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. आईनं हसून 'मजेत राहा' म्हटल्यावर कोण उचलेल? ही मुलगी लहानपणापासून अशीच. एकदा मन मोकळं करायला यायची, कुणी लक्ष दिलं नाही तर पुन्हा त्या गोष्टीचं नाव काढायची नाही. शाळेत तिचं वर्षभर एका मैत्रिणीशी बिनसलं होतं, ते यांना दहावी झाल्यावर कळलं. आता तर ती परक्या देशात एकट्या घरात होती आणि तिच्या लेखी आईला तिचं दुःख ऐकू येऊनही हसू आलं होतं. श्यामसुंदररावांनी मेसेज लिहिला. 'तू बोललीस त्यातलं आईला काहीही ऐकू आलं नाही. कित्येक महिने येत नाहीये. चूक माझी आहे. परत कॉल कर, कॉम्प्युटरवर.'

मग ते मशीनपुढे बसले. सवयीनं त्यांचे हात आधी तिकडेच गेले, जिथे कर्नलचे प्रश्न असतात. ते एक उत्तर बदलायचं, नाहीचं हो करायचं आणि पुन्हा बांधायला लावायचं. की झालं. दोन तास.

दोन तास. ज्याच्याकडे आहेत तो करतो, असं ते ऐटीत म्हणाले होते. आज त्यांच्याकडे ते नव्हते. तनया केव्हाही कॉल करील, आणि तेव्हा आईनं पुन्हा ओठांकडेच बघत बसायचं?

आणि बांधला जरी, तरी तो आजच्या घरापुरताच असणार. उद्या हिला आणखी काही लागेल, परवा आपल्याला लागेल, आणि तेही कुणीतरी साड्यांखाली ठेवून देईल. आयता कर्नल करणाऱ्यांना आपण इतकी वर्षं पसाराबहाद्दर म्हणत आलो. पण त्यांनी तर एवढंच धरलं होतं की कुणाच्या घरी कोण कसं असेल, ते आपल्याला ठाऊक नाही. श्यामसुंदररावांना वाटलं होतं, आपल्या घरातलं आपल्याला सगळं ठाऊक आहे. तसं नाही, हे कबूल करायला त्यांना पासष्टी ओलांडावी लागली.

त्यांनी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. सुरू होताना क्षणभर एक काळा पडदा येतो आणि कुठला कर्नल घ्यायचा ते विचारतो. वरच्या ओळीत त्यांचा स्वतःचा. खालच्या ओळीत आयता, लिनक्सबरोबर आलेला, दर अपडेटला आपोआप नवा होणारा. अडीअडचणीला असू द्या म्हणून अभिनवच्या आग्रहानं ठेवलेला. आजवर त्यांनी एकदाही निवडला नव्हता. त्यांनी खालचा बाण दाबला आणि एंटर मारलं.

मशीनला सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागला. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. पडदा उजळल्यावर डबी खाचेत खोचली. तिच्या टोकाला हिरवा दिवा लागला, एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

"लागला," कौशल्याबाई म्हणाल्या. त्या इतक्या हळू बोलल्या की जणू मोठ्यानं बोललं तर तो विझेल.

श्यामसुंदररावांनी आवाजाची वाट स्पीकरकडून डबीकडे वळवली आणि तपासण्यापुरता एक सूर वाजवला. खोलीत काहीच ऐकू आलं नाही. ते घाबरून वळले, तर कौशल्याबाईंनी दोन्ही हात कानांवर नेले होते.

"आला. अगदी आत आला."

आणि तेवढ्यात पडद्यावर तनयाचं नाव उमटलं. श्यामसुंदररावांनी कॉल घेतला. पडद्यावर लेकीचा चेहरा आला, डोळे सुजलेले, केस वर कसेतरी बांधलेले. तिचे ओठ हलले. खोलीत आवाज नाही.

ते मोड्यावर येऊन बसले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आवाज आता फक्त कौशल्याबाईंच्या कानात जात होता. या खोलीत पहिल्यांदाच असं झालं, की तनया बोलत होती आणि त्यांना एक शब्दही ऐकू येत नव्हता. तिची मूठ पुन्हा ओठांवर गेली होती. ते डोळे ताणून तिच्याकडे बघत राहिले, काही कळतंय का म्हणून. काही कळलं नाही. इतके महिने कौशल्या हे करत होती आणि वर हसतही होती. त्यांना तिथे बसवेना, पण उठवेनाही.

कौशल्याबाई ऐकत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, छान म्हटलं नाही. त्या पडद्याकडे बघतही नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

तनयाचं बोलणं संपेपर्यंत त्या तशाच राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून पडद्याच्या कडेला टेकवला.

"तनू," त्या म्हणाल्या, "आवाज किती दमलाय गं तुझा. कधीपासून?"

पडद्यावर तनयानं मूठ खाली घेतली आणि डोकं टेबलावर टेकलं. तिचे खांदे हलत होते. खोलीत शांतता होती, आणि कौशल्याबाई त्या शांततेला मधूनमधून हळूच म्हणत होत्या, "हं. बोल. ऐकतेय मी."